पडद्यावरचे मावळ आणि गोताचा निवाडा

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसले आहेत. शिवकाळात हा मुलूख हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजण मावळ, कानदखोरे अशा नावांनी ओळखला जाई. तोरणा आणि राजगड वेल्ह्यात आहेत, रोहिडा आणि रायरेश्वर भोरमध्ये. कान्होजी जेधे यांचे कारी, बाजीप्रभू देशपांडे यांचे शिंद आणि खोपडे देशमुखांची उत्रौली ही गावेही भोर तालुक्यातलीच. मराठीतील इतिहासपट आणि दूरदर्शन मालिका यांना लागणारी पात्रे आणि स्थळे जितकी या दोन तालुक्यांनी पुरवली, तितकी क्वचितच दुसऱ्या मुलखाने पुरवली असतील. त्यामुळे ही कथा कोणी सांगायची, कशी सांगायची आणि चुकली तर जाब कोणी विचारायचा, हा वादही इथे जुना आहे. तो सिनेमाच्या कितीतरी आधी, वतनाच्या कागदांत सुरू झाला.

मावळातल्या देशमुख-देशपांडे घराण्यांनी जपलेले दप्तर इतिहास सांगण्यासाठी लिहिलेले नव्हते. देशमुखी कोणाची, मानपान कोणाचा, शिवेचा दगड कुठे, हे सिद्ध करण्यासाठी ते लिहिले गेले. तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तीत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही असत. निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई आणि त्यावर पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे अशा निशाण्या उमटत. साक्षीपुराव्याने भागले नाही तर दिव्य करावे लागे, म्हणजे कढत तेलातून हाताने धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की नाही यावर खरेखोटे ठरायचे. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून जेधे आणि खोपडे यांचा तंटा प्रसिद्ध आहे. अशा तंट्यांतून ‘करीना’ हा लेखनप्रकार आला. करीना म्हणजे घराण्याच्या हक्काची, पूर्वजांनी केलेल्या कामगिरीच्या आधारे मांडलेली हकिकत. ती रंगतदार असते, पण रंगवण्यासाठी लिहिलेली नसते. प्रत्येक प्रसंगाच्या मागे एक दावा उभा असतो.

जेधे करीन्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग १६५९ चा आहे. अफजलखानाला सामील व्हावे म्हणून आदिलशहाचे फर्मान कान्होजींना आले. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र आपल्या मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे जात असताना घोडखिंडीत, म्हणजे पुढच्या पावनखिंडीत, हिरडस मावळच्या बांदल देशमुखांच्या माणसांनी सिद्दी जौहरचे सैन्य थोपवले आणि बाजीप्रभू तिथे पडले. या लढाईनंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, असे करीन्यात येते. पराक्रमाचे मोल इथे दरबारातल्या क्रमाने मोजले गेले. कोण पहिला, कोण दुसरा, हे त्या काळच्या माणसाला जमिनीइतकेच महत्त्वाचे होते. पुढे साडेतीनशे वर्षांनी एका चित्रपटावरून जो वाद झाला, त्याची मुळे या क्रमवारीत आहेत.

हे कागद घराण्यांच्या पेट्यांतून बाहेर येण्याचे काम विसाव्या शतकात झाले. वि. का. राजवाडे मावळातल्या वाड्यांतून दप्तरे धुंडाळत हिंडले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. कारीच्या जेधे घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे वर्षवार नोंदींची यादी. हिच्यात शके १५४० ते १६१९, म्हणजे इ. स. १६१८ ते १६९७ या काळातील घटना आहेत. वाक्ये तुटक, वर्णन जवळजवळ नाही. पण त्यातल्या एका नोंदीने महाराष्ट्रभर खळबळ उडवली. शिवाजी महाराजांचा जन्म तोवर शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये मानला जाई. शकावलीने तो फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा दिला.

त्यानंतरचा वाद हा मराठीतील कदाचित सर्वांत दीर्घ चाललेला वाचकांचा वाद असेल. शकावलीला पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’चा आणि जोधपूरला सापडलेल्या कुंडलीचा आधार मिळाला. द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर यांनी १९२५ च्या ‘शिवचरित्रप्रदीप’मध्ये ही साधने एकत्र आणली. तरीही जुन्या तिथीचा आग्रह टिकून राहिला, कारण तिच्यामागे बखरींची परंपरा आणि लोकांच्या सवयीचे बळ होते. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्ये मान्य केली. भोर तालुक्यातील एका गावातल्या कागदावरची एक ओळ सरकारी सुटीच्या यादीपर्यंत पोचायला पंचाऐंशी वर्षे लागली. तिथीनुसार वेगळी जयंती साजरी करणारे लोक आजही आहेत.

कागद अभ्यासकांसाठी होते, पोवाडा सर्वांसाठी. अफजलखान वधावरचा अज्ञानदासाचा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा हे पोवाडे गोंधळी-शाहिरांच्या तोंडी टिकले. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये अशा ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. डफावर उभा राहिलेला शाहीर तपशील वाढवतो, संख्या फुगवतो, शत्रूच्या तोंडी आपल्याला हवे ते घालतो. श्रोत्यांनी ते कधी खोटे म्हणून अडवले नाही. पोवाड्याला त्यांनी दिलेली सवलत त्यांनीच पुढे सिनेमाला नाकारली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पोवाडा डोळ्यांपुढे काही ठेवत नाही, ऐकणारा आपले चित्र आपण रंगवतो. पडदा मात्र एकच चेहरा, एकच अंगरखा, एकच चाल सर्वांवर लादतो आणि भांडण तिथून सुरू होते.

पडद्यावरच्या मावळावर पहिला हात प्रेक्षकांनी नव्हे, सरकारने टाकला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला होता आणि तो लोकांनी उचलून धरला होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी १९३० मध्ये तोरण्याच्या विजयावर मूकपट केला. महाराजांची भूमिकाही शांताराम यांनीच केली. नाव ठेवले ‘स्वराज्याचे तोरण’. सविनय कायदेभंगाच्या वर्षी ‘स्वराज्य’ हा शब्द फलकावर झळकू देणे ब्रिटिश सेन्सॉरला परवडणारे नव्हते. नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले, काही भागही कापावा लागला. कानंदी खोऱ्यातला किल्ला घेतल्याची तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायलाही परवानगी लागत होती. त्याच राजवटीने सावरकरांचा सिंहगडावरचा पोवाडाही जप्त केला होता.

स्वातंत्र्यानंतर हा दाब उठला. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले, संस्थानिक पंत सचिवांचा कारभार संपला. पुढच्या काळात भोरचा राजवाडा चित्रपटांच्या आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. पडद्यावरच्या शिवकाळाची सूत्रे मात्र कोल्हापुरात, भालजी पेंढारकरांच्या हाती होती. ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आणि ‘पावनखिंड’ (१९५६) यांतून त्यांनी जो साचा घडवला तो दोन-तीन पिढ्यांना पुरला. भालजींचा अधिकार कोणी फारसा विचारला नाही. त्यामागे त्यांची निष्ठा होती, तसेच प्रेक्षकांपुढे पर्याय नव्हता हेही होते. एकाच माणसाने एखादा विषय सतत मांडला की तोच मापदंड होऊन बसतो. भालजींच्या मावळ्यांची भाषा, वेश आणि ठसका हाच खरा शिवकाळ, असे लोक मानू लागले.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झाले, तेही सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. तानाजीचा गड आता दिसायचा तो लोखंडी मनोऱ्यासह, आणि त्याच्या मागच्या बाजूला वेल्ह्याची खोरी पसरलेली. सरकारी वाहिनीवरच्या ऐतिहासिक मालिका थोड्या, सावकाश आणि बहुधा साहित्यकृतीवर आधारलेल्या असत. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरची ‘स्वामी’ ही मालिका गजानन जागीरदार यांनी केली. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये शिवाजी महाराजांचे काम नसिरुद्दीन शाह यांनी केले. मालिका चांगली की वाईट, हे तेव्हा वृत्तपत्रातील पत्रे आणि शेजारच्या घरातल्या गप्पा ठरवत. आकड्याचे वजन नव्हते.

आकड्याचे वजन खासगी वाहिन्यांबरोबर आले. नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह ही वाहिनी सुरू झाली तेव्हा नितीन देसाई यांची ‘राजा शिवछत्रपती’ ही तिची मोठी मालिका होती. अमोल कोल्हे महाराजांच्या भूमिकेमुळे घरोघरी पोचले. पुढे २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर त्यांनी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ केली. या मालिकांचे भवितव्य टीआरपीवर ठरत असे आणि टीआरपी म्हणजे ठरावीक घरांत बसवलेल्या यंत्रांनी नोंदलेला प्रेक्षक. २०१५ पर्यंत हे मोजमाप मुख्यतः मोठ्या शहरांपुरते होते. त्या वर्षी ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्कने काम सुरू केले आणि ऑक्टोबरपासून ग्रामीण घरेही मोजणीत आली. त्याआधी ज्या गावांच्या नावांवर मालिकेचे संवाद उभे होते, त्या गावांतले प्रेक्षक मोजणीत जवळजवळ नव्हतेच. कारीत किंवा वेल्ह्यात मालिका कशी वाटली, याला वाहिनीच्या हिशेबात जागा नव्हती. इथल्या लोकांनी आपले मत वेगळ्या मार्गाने कळवायला सुरुवात केली, त्याचे हेही एक कारण मानता येईल.

प्रेक्षक आणि निर्माते यांच्यातल्या अशा वादांची पाश्चात्य देशांतली ओळखीची जागा म्हणजे विज्ञानकथेवरच्या मालिका. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका बंद होणार अशी हवा पसरताच १९६७-६८ मध्ये चाहत्यांनी एनबीसी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला. तिसरे पर्व मिळाले, पण शुक्रवारी रात्री दहाची आडवेळ वाट्याला आली. निर्माते जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले, सूत्रे फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे गेली आणि १९६९ मध्ये मालिका संपली. तिसरे पर्व का घसरले, वाहिनीमुळे की नव्या निर्मात्यामुळे, यावर चाहते अजूनही भांडतात. त्या भांडणात एक गोष्ट मात्र ठरलेली असते. कल्पित विश्व कोणाच्या तरी मालकीचे असते आणि त्यात काय घडले हे शेवटी मालकच सांगतो. चाहता रुसू शकतो, मालकी सांगू शकत नाही. मावळच्या इतिहासाला असा एक मालक नाही.

मराठीत विज्ञानकथा बहरली ती मासिकांत आणि दिवाळी अंकांत, पडद्यावर फारशी नाही. तिच्या गुणवत्तेची एक परीक्षा मात्र इथे आठवावी अशी आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. तिथे आडनाव झाकून कथा तोलली गेली. मावळच्या इतिहासपटाचे उलटे आहे. तिथे आधी आडनाव बघितले जाते, पात्राचेही आणि आक्षेप घेणाऱ्याचेही.

२०२२ साली हे स्पष्ट दिसले. फेब्रुवारीत दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ आला. त्यात बाजीप्रभूंच्या भूमिकेत अजय पूरकर होते, आणि रायाजी बांदल व बांदल सेना यांना ठळक जागा होती. चित्रपट चालला. समीक्षकांनी त्यातल्या भाषणबाजीवर आणि संगणकीय दृश्यांवर बोट ठेवले, तरी मावळात त्याचे स्वागत झाले, कारण मान ज्याचा त्याला दिलेला दिसत होता. २५ ऑक्टोबरला अभिजित देशपांडे यांचा ‘हर हर महादेव’ प्रदर्शित झाला. महाराजांच्या भूमिकेत सुबोध भावे, बाजीप्रभूंच्या भूमिकेत शरद केळकर, निवेदनाचा आवाज राज ठाकरे यांचा. मराठीबरोबर इतर भारतीय भाषांतही तो आला. त्यात महाराज आणि बाजीप्रभू एकमेकांविरुद्ध उभे राहतात. नोव्हेंबरमध्ये जेधे आणि बांदल घराण्यांच्या वंशजांनी पुण्यात जाहीर आक्षेप घेतला. संभाजीराजे छत्रपती यांनीही इतिहासाची मोडतोड म्हणून विरोध केला. ठाण्यात चित्रपटगृहातला खेळ बंद पाडला गेला, प्रेक्षकाला मारहाण झाल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि एका आमदाराला अटक झाली. चित्रपट झी मराठीवर दाखवला जाणार हे कळल्यावर विरोध वाहिनीकडे वळला. त्याच सुमाराला सुबोध भावे यांनी यापुढे चरित्रपट करणार नाही असे सांगितले.

या वादातला तपशील गुंतागुंतीचा आहे आणि गोंगाटात तो हरवला. बांदल देशमुखांनी आरंभी महाराजांना विरोध केला, रोहिड्यावर झालेल्या झटापटीत देशमुख मारला गेला आणि त्यानंतर देशपांडे बाजी महाराजांकडे आले, ही हकिकत ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे. म्हणजे संघर्षाची कल्पना चित्रपटकर्त्याने हवेतून काढली नव्हती. पण डफचा काळ घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांचा, आणि छापील इतिहासातल्या एका परिच्छेदावरून पडद्यावर समोरासमोरचे द्वंद्व उभे करणे ही उडी मोठी होती. डफच्या पानावर जे एक विधान होते, ते नायक-प्रतिनायकाच्या रूपात आले की घराण्यावरचा आरोप बनते. वंशजांचा आक्षेप अभिनय किंवा पटकथेच्या दर्जावर नव्हताच. तो गोतसभेत शोभला असता असा होता. आमच्या पूर्वजांच्या निष्ठेची नोंद चुकीची झाली, ती दुरुस्त करा.

दुरुस्त कोणी करायची, याला कायद्यात सरळ उत्तर नाही. चित्रपटाला १९५२ च्या कायद्यानुसार केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते, पण मंडळ इतिहास तपासणारी संस्था नाही. मालिकांना तेवढेही प्रमाणपत्र लागत नाही. त्यांना केबल दूरदर्शन जाळे कायदा, १९९५ खालील कार्यक्रमसंहिता लागू होते, आणि प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी वाहिन्यांनी २०११ मध्ये स्वतःची परिषद स्थापन केली. म्हणून मालिकेच्या आरंभी सूचना येते की नाट्यासाठी काही बदल केले आहेत. ती पट्टी वाचायला वेळ पुरत नाही आणि तिच्याने कोणाचे समाधानही होत नाही. ऐतिहासिक चित्रपटांसाठी इतिहासकारांची समिती नेमावी ही मागणी २०२२ च्या वादात पुन्हा झाली. ती ऐकायला बरी वाटते. पण जन्मतारखेसारखा एक प्रश्न मिटवायला अभ्यासकांना आणि शासनाला लागलेला वेळ पाहता, चित्रीकरणाची तारीख ठरलेला निर्माता अशा समितीच्या निकालाची वाट पाहील हे अवघड दिसते.

‘हर हर महादेव’नंतर निर्मात्यांनी माघारीची तयारी आधीच ठेवायला सुरुवात केली. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकर यांनी केलेला ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. जानेवारीत झलक प्रसिद्ध होताच संभाजी महाराज लेझीम खेळतानाच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते दृश्य प्रदर्शनापूर्वीच काढले गेले. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटात शिर्के हे आडनाव किंवा त्यांचे गाव उच्चारलेले नाही, असा खुलासा केला. चित्रपट त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी चित्रपटांत गेला.